सुलट-उलट

क्लाक्सविकच्या धक्क्यावर विचारतात,
"मर्जुन, मग तूही त्याच्यासारखीच का?
केस कातरलेले, तोंडात शिवी,
चाळीस वर्षं ट्रॉलर हाकतेस."
नाही रे बाबांनो. मी बाईच,
डिझेलचा वास येणारी.

आणि हा हानुस, माझा भाचा.
त्याचं जुनं नाव आठवतं मला,
घेत नाही.
खिडकीशी बसून स्वेटर विणतोय,
एक सुई सुलट, एक उलट.
"पुरुषच व्हायचं होतं ना,
मग हे कशाला?" माझा भाऊ म्हणाला.
"होतोच," एवढंच म्हणून
तो टाके मोजत राहिला,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

काल त्यानं मला पायमोजे दिले.
एक जरा सैल झालाय.
मी तोच आधी चढवला
आणि बोटीवर गेले.