पाच प्रश्न, एक फोटो

उपासनीबाई म्हणाल्या: प्रश्न पाच, फोटो एक.
मंडळाच्या अंकात दोन पानं राखून ठेवलीत,
यंदा इथले, बहारिनचे कलावंत हवेत,
आपलेच आपण किती वर्षं छापायचे?
आणि मुहर्रकच्या इमारतींतून तुम्हीच तर फिरता.

फिरतो. म्हणून माझं अरबी लिफ्टचं आहे:
वर, खाली, बाब बंद, थांबा, येतो.
एवढ्यावर कुणाला कसं विचारायचं
की तुम्हाला सुचतं कसं?
तेव्हा चहावाल्या बीरानला सोबत घेतलं.
(कडकला इथे करक म्हणतात. चहा तोच.)

सालमीन म्हाताऱ्याच्या दारात चपला काढल्या.
दार म्हणजे घर, गाणाऱ्यांचं,
चार भिंती, सतरंज्या, कोपऱ्यात ओळीनं मडकी.
आमच्याकडे दार म्हणजे नुसतं दार,
हे मी बीरानला सांगितलं,
त्यानं ते पुढे नेलं नाही.

गाण्याकडे कसे वळलात?
वळलो कुठे, सालमीन म्हणाला,
आजा मोत्यांच्या गलबतावर गळा फाडायचा
म्हणून माणसं दोर ओढायची.
बाप तेलकंपनीत वॉचमन, तोही रात्री गायचा, दोर नसताना.
मी एकोणतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले.
तालात मारले की साहेब ओरडायचा.

दुसरा प्रश्न प्रेरणेचा होता.
बीरान अडला. मल्याळममध्ये आहे शब्द, म्हणाला,
अरबीत चहा विकताना कधी लागला नाही.
तो प्रश्न आम्ही दोघांनी मिळून गाळला.

नात हेस्सा दाराशी टेकून ऐकत होती.
शाळेत विज्ञान शिकवते, ऊद वाजवते गाडीत.
फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी आजारी,
म्हणून समुद्रालगत गाडी लावायची,
काचा वर, एसी बंद.
बंद का?
कारण त्याची घरघर माझ्या मधल्या तारेपेक्षा जराशी उतरलेली आहे,
मन तिकडेच ओढलं जातं.
जुलैतसुद्धा?
जुलैत वीस मिनिटं.

हे मी लिहून घेतलं.
वहीत तेवढंच एक वाक्य धड आहे.

मग सालमीननं मडकी पुढे घेतली,
जहला म्हणतात, तोंडावर तळवा, पोटावर बोटं,
आणि खालून, छातीच्याही खालून,
एक हुंकार काढला, की माझ्या हातातला कप
बशीवर थरथरला.
पहिलं मडकं, दुसरं.
तिसऱ्याला माझं बोट आपोआप उठलं.
वडील आव्याशेजारी बसून
प्रत्येक मडक्याला टिचकी मारायचे,
मग ते एका बाजूला, नाहीतर दुसऱ्या.
बारा वर्षांचा होईतो मला ऐकूनच कळायचं.

तिसरं बद्द वाजत होतं.

खराब, मी म्हणालो.
हा शब्द दोन्हीकडे चालतो.

सालमीननं गाणं तोडलं. मडकं उजेडात धरलं,
बुडाजवळ केसाएवढी चीर.
बराच वेळ तो काही बोलला नाही,
मग एवढा हसला की हेस्सा पाणी घेऊन आली.
दोन वर्षं, बीरान सांगू लागला,
दोन वर्षं हे लोक जासिमला बेसूर म्हणून शिव्या घालतायत.

वही माझ्या मांडीवर, पण आता विचारत होता तो.
कुठली माती? चाक कुणाकडे आहे?
तुझं बोट ऐकतं, मग तू लिफ्टमध्ये काय करतोस?

मी उत्तर दिलं. लांबलचक.
बीरानचा चेहरा पाहिला तेव्हा लक्षात आलं
की मी मराठीत बोलतोय.
त्याला मराठीचं अक्षर कळत नाही.
पण तो थांबला नाही, माझ्याइतकाच वेळ
अरबीत काहीतरी सांगत राहिला,
सालमीन मान हलवत राहिला,
हेस्सानं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मी काय उत्तर दिलं, मला माहीत नाही.
परतताना विचारलं तर बीरान म्हणाला, जे होतं तेच.

फोटो एक आहे. त्यात मडकं आणि एक हात.
उपासनीबाईंचा फोन येऊन गेला:
कलावंत कुठला यातला?
अजून उलटा फोन केलेला नाही.