मात्सोनीत कालवलेली पूड

एतेरी,
तुझं पार्सल मंगळवारच्या गाडीनं पोचलं.
कॉफी, चीजचा तुकडा, माझे लोकरी मोजे,
आणि अगदी तळाशी मांजरीच्या पुड्यांची पेटी.
ड्रायव्हरनं विचारलं, औषध कुणाला?
मांजरीला, म्हणायची लाज वाटली.
पोटासाठी आहे, म्हणालो. तसं खोटंही नव्हतं.

फिसोनं चाटून चाटून पोटावरचे केस उडवलेत.
खालची कातडी दिसते, सोललेल्या पीचसारखी.
डॉक्टर ख्वाराम्झे म्हणाल्या, ताण आहे.
मी हसलो.
मांजरीला कसला आलाय ताण?
तिला ना गॅसचं बिल,
ना लिफ्टच्या डब्यात टाकायला पाच तेत्रीचं नाणं शोधायचं.
त्या हसल्या नाहीत. घरात अलीकडे काही बदललंय का?
नाही, म्हणालो.
मग म्हणालो, बायको बारीला असते. फेब्रुवारीपासून.
त्यांनी ते लिहून घेतलं,
मांजरीच्या कार्डावर.

पुडीत म्हणे कोट्यवधी जंतू असतात, सज्जन,
आतड्यात बिऱ्हाड थाटतात
आणि तिथून वर डोक्याला निरोप धाडतात:
सगळं ठीक आहे.
तूही तेच सांगतेस दर रविवारी,
तुझी म्हातारी झोपली की, हळू आवाजात.

चमचाभर मात्सोनीत कालवून देतो.
मात्सोनी शेजारच्या झाबुलीकडची. ती फणकारली,
माझ्या विरजणात जंतू कमी पडले काय,
की इटलीहून मागवावेत?
तिचा भरवसा तगरीच्या मुळीवर.
मुळी हुंगली मात्र, फिसोच्या अंगात आलं,
पडद्यावर चढली, तिथून कपाटावर,
फुलदाणी फुटली
(निळी. सांगणार नव्हतो).
मग कॅमोमाइलचा काढा.
त्याच्याकडे तिनं चक्क पाठ फिरवली.
पातेलंभर उरला, ओतून द्यायचं जिवावर आलं,
मीच प्यालो उभ्या उभ्या, ओट्यापाशी.
त्या रात्री पहाटेपर्यंत सलग झोपलो.
योगायोग असेल.

आता केस येतायत. करडी लव, बोट फिरवलं तरच कळते.
पुडीचा गुण, की मात्सोनीचा,
की मी हल्ली तिच्याशी बोलतो त्याचा,
डॉक्टरांनाही सांगता येत नाही.
बोलतो म्हणजे काय, पुलाचं काम रखडलंय,
रिओनीला गढूळ पाणी आलंय, असलंच.
ती ऐकते. कान तेवढा दाराकडे,
लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली की दोन्ही.
माझाही जातो. माणसाला कान हलवता येत नाहीत, बरं आहे.

पुड्या अजून अठरा उरल्यात, पुरतील.
पुढच्या गाडीनं काही पाठवायचं झालंच
तर तुझा एखादा स्वेटर पाठव,
जुना, अंगावरचा,
न धुतलेला.

मांजरीसाठी.