निशाणं एक की दोन

सोजरबाईनं पदराची गाठ सोडली
आणि कोटाच्या गुंडीएवढं तांबं टेबलावर ठेवलं.
पांढरीची माती उकरताना निघालं, म्हणाली,
माळवदावर टाकायला नेत होते.

अर्धं हिरवं, अर्धं लख्ख.
लेकानं चिंच-राखेनं घासायला घेतलेलं,
तिनं मधेच हिसकावलं.
मी काही बोललो नाही.
हिरवा थर ही नाण्याची कातडी,
सोलली की परत येत नाही;
पण तेरमधल्या घरोघरी तांब्याची हीच तऱ्हा,
काळवंडलं की उजळायचं.

भिंगाखाली आधी नुसतं नाक दिसलं.
मग नाकामागून हनुवटी,
केसांत पट्टी. पानांची नव्हे, मण्यांची.
म्हणजे टायबेरियस नाही, फार नंतरचा,
कॉन्स्टंटाइन किंवा त्याच्या पोरांतला एखादा.
(पोरांची नाकं सारखीच. बापावर गेलेली.)
अक्षरं काठावरून उतरून गेलेली,
एक 'एन' तेवढा उभा,
मळ्याच्या मोडक्या फाटकासारखा.

पालथं केलं. दोन शिपाई,
भाले टेकवून समोरासमोर.
सगळा हिशेब त्यांच्या मधल्या जागेचा:
दोन निशाणं असली तर सन तीनशे पस्तीसच्या आतलं,
एकच असलं तर त्यापुढचं.
आणि चिंच नेमकी तिथंच लागलेली.

मन्मथअप्पा सोनारांकडे वजन केलं.
दीड ग्रॅम, वर किंचित.
हलकं, म्हणजे निशाण एक,
असं वहीत लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह.
मोडीत दोन रुपये यायचे नाहीत, अप्पा म्हणाले,
आणि तरी कापसात गुंडाळून परत दिलं.

"किती जुनं हाय?"
सोळाशे नव्वद वर्षं धरा,
पाच-सहा इकडं तिकडं.
"पाच-सहा कशापायी सोडता?"
मी निशाणांचं सांगितलं. ती हसायला लागली.
"माझ्या आधारवर एक जानेवारी हाय.
आय म्हणायची, भुईमूग उपटायला गेलते तवा झालीस.
साल तिला बी ठावं नव्हतं.
डोक्यावरनं हात कानाला पुरला,
मास्तरनं साल टाकलं."

मग ती नाणं घेऊन दारात गेली.
चारचं ऊन तिरपं आलं होतं.
तळहात तिनं जरासा कलता केला,
तांदळातला खडा बघावा तसा.
"काठी हाय की मधी.
अन् तिच्या शेजारी तिची सावली."

सावली, की दुसरी काठी?
मी भिंग घेऊन उठेपर्यंत
गाठ मारून झाली होती.