स्मरणिकेसाठी मजकूर

समितीने सांगितलं, दोन पानं द्या,
तुम्ही सगळ्यांत जुने.
मी छापेवाला. पत्र्यात कोरलेली अक्षरं,
वरून काळ्या रंगाचा बोळा,
एवढंच माझं लेखन.
तरी बघतो.

कंपनी शहात्तर साली सुरू झाली असं तुम्ही छापणार,
फीत कापतानाचा फोटो आहे म्हणून.
खरं तर त्याआधी दीड वर्ष ती
पिंपळगावच्या शिवारात
मांडववाल्याच्या भाड्याच्या बांबूंवर उभी होती.
व्यापाऱ्याने नाकारलेले मणी, आकार बारीक म्हणे,
ढोमसे अण्णांनी सोड्याच्या पाण्यात बुचकळले,
सावलीत जाळीवर पसरले
आणि अठरा दिवस तिथेच खाट टाकून झोपले.
तेराव्या दिवशी मुंग्या आल्या.
(स्मरणिकेत मुंग्या नकोत. ठीक.)

बेदाणा झाला. पण नाशिकचा म्हटल्यावर
रविवार कारंज्यावर कुणी हात पुढे करेना.
"द्राक्ष नाशिकचं, बेदाणा कंदहारचा,"
पारखशेठ म्हणाले, पंचांगात लिहिल्यासारखं.
मग अण्णांनी मला बोलावलं.
मी पत्रा कापला: कं, द, हा, री.
सात रुपये मिळाले.
तीन वर्षं कंदहार कादवेच्या काठाला होतं,
कुणाच्या दाताखाली आलं नाही.

निवडायला बायका यायच्या, चाळीसेक,
उगावहून, शिवडीहून, चालत.
अण्णांचा एकच नियम: बोलत राहायचं.
बोलतं तोंड खात नाही.
शेवंताबाई गांगुर्डे सुरुवात करायच्या,
बाकीच्या भर घालायच्या.
काडी बाजूला, करपलेला बाजूला,
जावेचं भांडण, मोडलेली सोयरीक,
चोरीला गेलेली शेळी आणि तिचा लागलेला पत्ता,
सगळं पंधरा किलोच्या खोक्यांत भरून
कानपूरला गेलं, कलकत्त्याला गेलं.
गप्प बसायची एकटी ताराबाई मोकळ, कोपऱ्यात.
तिकडे अण्णा बघायचे नाहीत.
तिला सातवा महिना होता.

गंधकाची धुरी नामदेव शेजवळ द्यायचे.
धुरीने बेदाणा सोन्यासारखा होतो.
त्यांचा खोकला भोंग्याच्या आधी ऐकू यायचा,
आम्ही त्यावर घड्याळ लावायचो आणि हसायचो.
दिवंगतांच्या यादीत ते सोळावे आहेत.
आद्याक्षर चुकलंय, तेवढं बघा.

चौथ्या वर्षी एक खराखुरा पठाण आला,
हिंगाचा व्यापारी, झरीन खान.
पारखशेठच्या दुकानात खोक्यावरचं अक्षर
त्याने नोकराकडून वाचवून घेतलं.
एक दाणा उचलला, उजेडात धरला,
चावला. डोळे मिटले.
अण्णा तिथेच होते, मीही,
तराजूच्या पारड्यावर माशी बसली होती ती उठेना.
तो काही बोलला नाही.
दोन किलो घेतला.
भाव केला नाही.

रात्री अण्णा माझ्या दारात.
"नवा पत्रा काप."
काय लिहू, म्हटलं.
ते ओट्यावर बसले, चप्पल काढून, पुन्हा घालून.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "पिंपळगाव."
मग जाताना, पाठमोरेच,
"अक्षर जरा मोठं घे."

पुढचं तुमच्याकडे आहेच:
शीतगृह, निर्यात, मंत्र्यांचा हार,
रंग ओळखणारं यंत्र, जे बोलत नाही
आणि खातही नाही.

जुना पत्रा मी टाकला नाही.
न्हाणीच्या झरोक्याला ठोकलाय.
सकाळी साडेआठच्या उन्हात
ओल्या फरशीवर कंदहार उमटतं,
तांब्या ओतला की हलतं,
थोडं वाहून जातं, परत येतं.

दोन पानं झाली का?
नसतील झाली, तर खाली एखादी जाहिरात घ्या.