शुद्धिपत्र

महाल. सायकलच्या दुकानावरचा हॉल.
तिसरा रविवार, एप्रिल, संध्याकाळचे साडेसात
आणि भिंत अजून तव्यासारखी.
छत्तीस खुर्च्या. माणसं एकोणीस,
त्यातले सतरा कवी,
एक सायकलवाल्याचा पोरगा, माईक धरायला,
आणि शेषराव धकाते.

दर वेळचा तोच पेच:
कूलर चालू ठेवला तर कविता ऐकू येत नाही,
बंद केला तर माणूस बसत नाही.
म्हणून आम्ही कवी पाहून ठरवतो.
रामटेकेसर उठले की कूलर बंद,
आवाज बारीक आहे त्यांचा, ओळी नाहीत.
वीररसवाल्या चौबेजींना फुल.
माझ्या वेळी कुणीतरी तो दोन नंबरवर आणतं
आणि मी ते मनाला लावून घेते.

धकाते दर महिन्याला नाव देतात.
पुकारलं की खिशातला कागद चाचपतात,
म्हणतात, "पुढच्या बारीले."
सहा वर्षं.
लाजतो म्हातारा, असं आम्ही
खाली पोहे खाताना, तर्री मागून घेताना म्हणायचो.

त्या दिवशी लाईट गेली.
कूलर गचका खाऊन थांबला.
वाळ्याच्या ताट्यांतून थेंब पडत राहिले
आणि खाली कुणीतरी
टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून
तिचा श्वास शोधत होतं, तेही ऐकू आलं.

धकाते उठले. पोरानं मोबाईलचा टॉर्च धरला.
"कविता नाही हे.
मी जुळारी होतो, इतवारीत.
तुमच्या सगळ्याइचे खिळे मीच जुळवले.

ढोकेसाहेब, पान सव्वीस. 'वाट' छापलं, 'लाट' पाह्यजे.
निखाडे, पान तीन. 'प्रेम' बरोबर आहे,
बाकी पान तपासून घ्या.
मंगलाताई, एकेचाळीस. शेवटची ओळ
माह्या टेबलाखाली पडली,
सकाळी झाडूत गेली."

लोक हसत होते, निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत.
मंगलाताई हसल्या नाहीत.
"तीस वर्षं मला वाटत होतं," त्या हळूच म्हणाल्या,
"ती कविता मीच अर्धी सोडली."

"म्याडम. पान नऊ."

पान नऊ म्हणजे माझी ती एकच ओळ
जी या शहराला पाठ आहे,
शाळांच्या निरोपसमारंभात म्हणतात,
सीताबर्डीत एका ऑटोच्या मागे
पिवळ्या रंगात पाहिली होती एकदा:
आईचं ऊन फिटत नाही.

"तुमी 'ऋण' लिवलं होतं.
केसमधी ऋ चे खिळे दोनच.
दोन्ही आधल्या पानावर ऋतूत फसलेले.
मालक म्हणे, आजच छाप.
मंग ऊ लावला. ऋ गेला
तं ण कायले ठेवू? न लावला.
तसंही आपल्याकडं
ण ले कोन पुसते."

रेडिओवर विचारलं होतं मला,
ऊन कसं सुचलं?
मी सांगितलं, आई गच्चीवर सांडगे घालायची,
मी सावली बनून उभी राहायचे.
आईनं जन्मात सांडगे घातले नाहीत.
ती कामठी रोडच्या शाळेत गणित शिकवायची
आणि उत्तर बरोबर असूनही
रीत चुकली तर मार्क कापायची.

अंधारात कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं.
तेवढं बरं झालं.

धकात्यांनी कागदाची घडी घातली,
जुन्याच घड्यांवरून.
"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून घ्या," म्हणाले.
पुढची आवृत्ती!
पलंगाखाली अजून पहिलीच्या दीडशे प्रती आहेत,
दिवाळीत झाडून पुन्हा ठेवते.

मग लाईट आली. कूलर सुरू झाला.
कुणीतरी ओरडलं, "अरे, बंद करा थो!"
पण वाचायला कोणी उभं नव्हतं.

यादी माझ्या हातात.
चौदावं नाव: धकाते.
पुढे रकाना: वाचली / राहिली.
पेनाचं टोपण काढून
मी बराच वेळ तशीच बसले.