डावा आरसा

गाडी बंद करून किल्लीवरचं बटण दाबलं
की दोन्ही आरसे आत वळतात.
उजवा लगेच.
डावा जरा थांबतो,
घसा खाकरल्यासारखा खुर्र करतो,
मग येतो.

म्हापशाच्या कायतान मेस्तानं त्याला कान लावून ऐकलं.
मोटर बरी आहे म्हणाला, आतले दात झिजलेत,
त्यात हे खारं वारं.
बेळगावहून अख्खा नवा येतो, साडेचार हजार.
आणि तोवर, बोट नाचवत,
"हात लायनाका.
हातान धुकलल्यार तो आपली सुवात विसरता."

सुवात. म्हणजे जागा.
बिजागरीतली ती एक खाच,
जिथं थांबायचं असतं.

पण रायबंदरच्या धक्क्यावर कोण ऐकतो.
फेरीबोटीत पाच गाड्या मावतात,
सहावी मावते ती आरशांच्या जिवावर.
गुणाजी शिट्टी दातांत धरून
दोन गाड्यांमधून खेकड्यासारखा आडवा येतो
आणि मी बटण शोधेपर्यंत
फाटक लोटावं तसा डावा आरसा लोटून देतो.
कट्ट.

चोडणला उतरताना
उजवा बाहेर, डावा आतच.
मागचा स्कूटरवाला हॉर्नवरचा अंगठा काढत नाही.
खारफुटीच्या कडेला घेऊन मी बटण दाबत बसतो,
आत, बाहेर, आत, पुन्हा बाहेर,
कधी पाचव्या खेपेला, कधी नवव्या,
आतून ठक्क होतं
आणि त्याला आठवतं.

गाडी मुळात माझी नव्हे.
साळगावच्या सेवेरीनाबाईंच्या रेमीची.
तो विलायतेला गेला, कुठल्याशा गोदामात रात्रपाळीला,
आणि ही दोन वर्षं बल्कांवासमोर
निळ्या ताडपत्रीखाली, आरसे मिटून.
मी नवी बॅटरी घालून बघितली.
दिवे लागले, काचा खाली गेल्या, आरसे उघडले.
सगळं चालतंय ना म्हणून शेवटी लॉक केली.
उजवा.
खुर्र.
डावा.

बाई चटकन उठल्या.
दोन पावलं रांधपाच्या खोलीकडे गेल्या,
दारातच थबकल्या,
परत येऊन बसल्या
आणि झगा झटकला. झग्यावर काही नव्हतं.

म्हणाल्या, रस्त्यावर गाड्या काय सगळ्यांच्याच जातात,
इंजिनावरून कळायचं नाही.
ह्यावरून कळायचं.
पावणेआठला. मग मी हुमण तापत ठेवायची.

मी तेव्हा मान हलवली.
डाव्या आरशापायी पाच हजार कमी करा
असं आधीच बोलून बसलो होतो.
त्यांनी केले.
मी घेतले.

त्याला आता दीड वर्ष होईल.
कायतान भेटला की विचारतो, मागवू?
बघू, म्हणतो मी.
मला घाई नसते, गुणाजीला असते.

परवा कळंगुटहून परत येताना
पर्रा बाजूला रस्ता खणलेला,
सगळ्यांना साळगावातून वळवलेलं.
एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, समोरून बस,
कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतोय, आरसे घे, आरसे!
मी घेतले.
उजवा गेला.
डाव्यानं नेहमीचा वेळ घेतला, नेहमीचा आवाज केला.
बस चार बोटांवरून गेली.

तेव्हा कुठं पाहिलं, गडगा कुणाचा ते.
ताडपत्री घडी करून बल्कांवावर ठेवलेली, वर मांजर.
मागच्या खोलीत दिवा लागला.
साडेसहा वाजले होते, पावणेआठ नव्हे.
दिव्याची वेळ झालीच असेल, मागे आमराई आहे,
तिथं अंधार लवकर पडतो.

बटण दाबलं.
उजवा उघडला, त्यात मागे तुंबलेल्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न.
मी पहिला गियर टाकून, क्लचवर पाय तसाच ठेवून,
डाव्या बाजूला काय आहे ते दिसायची
वाट बघत राहिलो.