उशी

मिशन दवाखान्याच्या शिवणखोलीत एकोणतीस वर्षं
मी उश्यांचे अभ्रे शिवले.
पांढरे, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं वॉर्डाचा आकडा.
किती डोकी टेकली त्यांवर, मोजली नाहीत.
धुऊन परत आले की डाग बघायचे,
डागावरून समजायचं थोडंफार.

उद्या साडेआठला रत्नाकरला आत नेणार.
हृदयाची झडप.
सही मी केली. मधेच शाई संपली,
म्हणून नाव अर्धं निळं, अर्धं काळं.

मिरजेची रात्र.
जंक्शनवर मालगाडीचे डबे जुळतायत.
सतारमेकर गल्लीत कुणीतरी अजून तार लावतंय,
एकच सूर, पुन्हा, जरा वर, पुन्हा.
माझंही तसंच चाललंय,
संध्याकाळपासून एकच ओळ घेऊन बसलेय.

वादळाची गोष्ट ती.
रविवारच्या शाळेत फ्लॅनेलच्या फळ्यावर
आम्ही होडी चिकटवायचो, लाटा चिकटवायचो.
लोंढेगुरुजी विचारायचे, वारा कुणी थांबवला?
सगळ्यांचे हात वर.

आज मी वाऱ्यापर्यंत पोचतच नाही.
तो झोपलाय, तिथेच अडते.
वरामावर, असं आहे आमच्या जुन्या प्रतीत.
हा शब्द मी दुसरीकडे कुठेच ऐकला नाही.
कृष्णाघाटावर एका नावाड्याला विचारलं एकदा.
"आमच्यात न्हाई बा तसलं काय."
पाळकसाहेब म्हणाले, नावेची मागची बाजू.
म्हणजे जिथे उडालेलं पाणी अंगावर येतं
आणि लाकूड करकरतं, तिथे.
आणि तिथे एक उशी.

एवढ्या घाईच्या गोष्टीत,
जिथे कोण काय ओरडलं त्याचं नावसुद्धा नाही,
कुणीतरी उशी तेवढी लिहून ठेवली.
कुणी आणली असेल? कुणाच्या सासूनं शिवली?
आत काय, पेंढा? लोकर?
अभ्रा होता का?
शिवणाऱ्या बाईचं डोकं असंच चालतं, प्रभू,
रागावू नकोस.

मी कायम त्या ओरडणाऱ्यांतली.
खांदा धरून गदागदा हलवणारी.
मनोहरच्या तापात हलवलं तुला.
महापुरात नणंदेच्या घरी, गावभागातल्या गच्चीवर
तीन दिवस हलवलं.
पुराचं पाणी उतरलं.
ताप नव्हता उतरला.
दोन्ही वेळा तू नावेतच होतास, असं म्हणतात.
मीही म्हणते, उपासनेत, सगळ्यांबरोबर.
घरी आल्यावर कधी म्हणते, कधी नाही.

मघाशी वॉर्डबॉयनं उशी आणून दिली.
वाटलं, माझाच अभ्रा असेल.
नव्हता. आता तयार येतात कुठून तरी,
टाका लांब, कोपरा उसवलेला.
पर्समधून सुई काढली आणि
रत्नाकरचं डोकं एका हातानं उचलून धरत
तेवढा कोपरा पक्का केला.
तो झोपेतच म्हणाला, काय गं, पुरे की.

झोप लागलीय त्याला. खरीखुरी, घोरतोय.
मशीनवर हिरवी रेघ वर जाते, खाली येते,
लाटच ती, दुसरं काय.
मी खाली चटई टाकलीय.
पुस्तक मिटलं, चष्मा त्यावर.

तू ज्या अर्थी झोपू शकलास
त्या अर्थी, एवढंच आज कळलं,
पुढचं उद्या बघू.
आज हलवत नाही तुला.
जरा सरक.
माझंही डोकं मावेल.